सूपचा चमचा

५ जानेवारी, रविवार

ही डायरी अफशाने दिली. तिचा नवरा सुफियान डोलवीच्या पोलाद कंपनीत ठेकेदाराकडे कामाला आहे, त्या ठेकेदाराने वाटलेली. पहिल्याच पानावर क्रेनचा फोटो आणि खाली 'हेल्मेट घाला'. मी साठीचा माणूस, रोह्याला घरात बसून लिहिणार, मला हेल्मेट कशाला? पण कागद चांगला आहे. अफशा म्हणाली, "अब्बा, दिवसभर अम्मीच्या मागं किरकिर करता, ती हितं करा." एकुलती एक मुलगी, ऐकावं लागतं.

तर किरकिर. बकरी ईदच्या सुमारास मी सौदीहून कायमचा परत आलो. तिकडे एका अमेरिकन तेल कंपनीच्या गेस्ट हाऊसमध्ये जवळजवळ तीस वर्षं चांदीच्या कोठीवर होतो. किटल्या, तबकं, काटे, सुऱ्या, चमचे सगळं माझ्या ताब्यात. कुठला चमचा कुठल्या कारखान्याचा, हे मी पाठीमागचा शिक्का बघून सांगायचो. मोहल्ल्यात मात्र लोक म्हणतात, अस्लम तिकडे भांडी घासायला होता. खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे.

वाचनालयाच्या प्रविण सरांना मी हे सगळं एकदा चहा पिताना सांगितलं. त्यांनी लगेच सत्तावीस फेब्रुवारीला, मराठी भाषा दिनाला, माझं व्याख्यान ठेवलं. अमेरिकेतल्या चांदीवाल्यांचा इतिहास. म्हटलं, सर, रोह्यात कोण ऐकणार? ते म्हणाले, तुम्ही बोला, खुर्च्या भरायचं माझ्याकडे लागलं.

आता दुसरी किरकिर, आणि खरी तीच. पूर्वी मी सुट्टीवर आलो की हाजरा आणि मी एका ताटात जेवायचो. आमच्यात रीतच आहे तशी. एक मोठं ताट मधे, दोन्ही बाजूंनी हात. तिकडे मेसमध्ये एकटा जेवताना मला घराची आठवण यायची ती त्या ताटाची यायची. आता कायमचा आलोय, तर ती मला वाढते आणि आत जाते. "तुमी जेवा, मी मंग." ते मंग काही अजून उजाडलेलं नाही. मला आता दुसरं काही नकोय. हिने माझ्यासमोर बसून चार घास खावेत, एवढंच हवंय. पण बायकोकडे हे कसं मागायचं, ते मला येत नाही.

८ जानेवारी, बुधवार

व्याख्यानाचं लिहायला घेतलं. सुरुवात जुन्या काळापासून केली. अमेरिकेत तेव्हा चांदीच्या खाणी जवळजवळ नव्हत्याच, म्हणून सोनार लोक गिऱ्हाइकाचेच रुपये, म्हणजे त्यांची नाणी, वितळवून चमचे करायचे. चोरीला गेलेला आपला चमचा सापडला तर ओळखता यावा म्हणून त्यावर नावाची अक्षरं कोरायचे. मग प्रॉव्हिडन्स गावात गोरहॅम नावाच्या माणसाने चमचे करायला घेतले, त्याच्या पोराने यंत्रं आणली, आणि त्यांचा शिक्का ठरला: सिंह, जहाजाचा नांगर आणि इंग्रजी जी.

हे मला सगळं मिसेस कार्व्हरने शिकवलं. गेस्ट हाऊसची मॅनेजरीण. तिचा बाप त्या बाजूच्या एका कारखान्यात आयुष्यभर किटल्यांना चोच बसवत होता. ती म्हणायची, अस्लम, चमचा आधी हातात घे, मग बघ. वजन पहिलं, नक्षी नंतर.

दुपारी सुरमईचं कालवण होतं. हाजराने वाढताना थोडं ताटाबाहेर सांडलं. मी म्हटलं, "तिकडे टेबलावर एक शीत सांडलेलं मला चालायचं नाही." मस्करीच केली. ती हसली नाही. आत गेली ती बाहेरच आली नाही. बायकांना मस्करी कळत नाही की माझीच मस्करी खराब झालीये, देव जाणे.

१२ जानेवारी, रविवार

पेणला, रामवाडीला अफशाकडे गेलो होतो. यष्टीने कंबरडं मोडलं. हायवेचं काम मी गेलो तेव्हा चालू झालं नव्हतं आणि मी आलो तरी संपलेलं नाही.

सुफियानने त्याच्या मित्राच्या वाडीत पोपटी लावली होती. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, भांबुर्ड्याचा पाला, सगळं अगदी बेतशीर. मडकं उघडल्यावर पेपरावर ओतलं आणि सगळे भोवती बसले. मी हाजराला बाजूला जागा केली. ती म्हणाली, "मला पित्त झालंय, मी नाय खानार." ओढणीत दोन्ही हात गुंडाळून लांब खुर्चीवर बसली. थंडी म्हणावी तर तेवढी नव्हती. अफशा शेंगा सोलून तिच्या तोंडात घालत होती, म्हणजे पित्त माझ्याच बाजूला बसलं की होत असावं.

येताना यष्टीत ती खिडकीबाहेर बघत बसली. तीस वर्षं बाहेर काढली त्याचा राग असणार. राग धरायला आता वेळ मिळालाय तिला, मी कायमचाच आलोय. पूर्वी सुट्टी संपेल म्हणून धरवत नसेल.

१५ जानेवारी, बुधवार

गुडघा दुखतोय. आज ओनायडाचं लिहिलं. ही गोष्ट लोकांना आवडेल. न्यूयॉर्कच्या बाजूला काही धार्मिक मंडळी एका मोठ्या घरात शेकड्याने एकत्र राहायची. माझं तुझं काही नाही, शेती एक, जेवण एक. पोटासाठी जनावरं पकडायचे सापळे करायचे, मग चमचे करायला लागले. पुढे त्यांचं पटेनासं झालं, घर मोडलं आणि कंपनी झाली. चमच्यांची कंपनी मात्र शंभर वर्षांच्या वर चालली. एकत्र जेवणाऱ्या माणसांनी जगाला आपापला चमचा दिला, असं वाक्य लिहिलं आणि खोडलं. फार शहाणपणाचं वाटत होतं.

हाजराला वाचून दाखवत होतो. ती ऐकत होती. म्हणाली, "मंग ती मान्सं येगयेगली झाल्यावर जेवायला कुटं बसली?" मिसेस कार्व्हरलाही मी हे विचारलं नव्हतं.

१९ जानेवारी, रविवार

आज पेटी काढली. ही पेटी मला मिसेस कार्व्हरने गेस्ट हाऊस बंद झालं तेव्हा दिली. आठ जणांचा संच. काळपट पडू नये म्हणून आतून तपकिरी कापड, प्रत्येक चमच्याला त्याची खाच. मागे शिक्का '१८४७ रॉजर्स ब्रदर्स'. लोकांना वाटतं चमचा १८४७ सालचा आहे. तसं नाही. रॉजर्स नावाच्या तीन भावांनी विजेने चांदीचा मुलामा द्यायला सुरुवात केली ते हे साल, ते त्यांनी नावातच घालून टाकलं. माझा संच त्याच्या पुष्कळ नंतरचा. आणि चांदी वरवर, आत दुसरा धातू. गावात मी कुणाला सांगत नाही, पण व्याख्यानात सांगणार आहे. खोटं बोलून व्याख्यान देता येत नाही.

पेटी उघडली आणि सूपच्या चमच्यांत एक खाच रिकामी.

दोनदा बघितलं. कापडाखाली बघितलं. कपाटाखाली वाकून बघितलं, गुडघ्याने शिव्या घातल्या. हाजराला विचारलं. ती कणीक मळत होती. वर न बघता म्हणाली, "असंल घरातच. चमच्याला काय पाय फुटलंत?" मी म्हटलं, तीस वर्षांत माझ्या कोठीतला एक चमचा कधी कमी पडला नाही. ती म्हणाली, "तिकडं नाय पडलं. हितं पडला. हितं मान्सं राहत्यात."

मला हे बोलणं लागलं. आता लोकांसमोर अपुरी पेटी मांडायची. म्हणतील, भांडीही धड सांभाळता आली नाहीत.

२३ जानेवारी, गुरुवार

हाजरा काल पेणला गेली. अफशा तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार आहे म्हणे, चष्म्याचा नंबर. गेल्या तीन महिन्यांत किती वेळा नंबर बदलतो माणसाचा? तिला तिकडे बरं वाटत असेल. चार दिवस राहणार आहे.

घरात मी आणि विमलबाई. विमलबाई सकाळी भांडी-लादीला येते. मूळची खांब गावची, मुलगा रितेश धाटावच्या कारखान्यात कामाला म्हणून इथे भाड्याने राहते. हाजराकडे पाच-सहा वर्षं आहे. दोघींचं गूळपीठ आहे. मी स्वयंपाकघरात गेलो की दोघी बोलायच्या थांबतात.

आज तिला विचारलं. सरळ विचारलं, "विमलबाई, माझा एक मोठा चमचा दिसत नाही. तुम्ही बघितला का?"

ती भांडं विसळता विसळता थांबली. म्हणाली, "भाय, चमचा घरातच हाय."

"कुठे?"

"ते मी नाय सांगू शकत."

"म्हणजे माहीत आहे आणि सांगणार नाही?"

"व्हय."

कोठीवर माणूस असं बोलला की काय करायचं ते मला माहीत होतं. तिकडे शिफ्ट सुटताना आम्ही सगळे पिशव्या उघडून दाखवायचो, मीसुद्धा. त्यात कुणाला काही वाटायचं नाही. मी म्हटलं, "मग तुमची पिशवी दाखवा."

तिने माझ्याकडे बघितलं. हात पदराला पुसले. पिशवी आणली आणि लादीवर उलटी केली. किल्ली, गोळ्यांचं पाकीट, फडक्यात बांधलेली भाकरी, कंगवा. म्हणाली, "बगा." मी बघितलं. चमचा नव्हता. तिने एकेक वस्तू उचलून भरली आणि भांडी तशीच टाकून गेली.

आता वाटतंय जास्त झालं. पण माहीत आहे म्हणते आणि सांगत नाही, ह्याला काय म्हणायचं?

२४ जानेवारी, शुक्रवार

विमलबाई आली नाही. जुम्म्याच्या नमाजाहून येताना रितेश भेटला, त्याने मान फिरवली. भांडी साचली आहेत. हाजराला फोन केला, तिला काही सांगितलं नाही. तिने व्हिडिओ लावला, पण नेहमीप्रमाणे फोन कशाला तरी टेकवून ठेवलेला, अर्धा पंखा आणि तिचं कपाळ. सौदीला असतानाही शेवटची तीन वर्षं मी हेच बघितलं. त्याआधी फोन हातात धरून घरभर फिरायची, मांजर दाखवायची, भिंतीची ओल दाखवायची. म्हटलं, अगो, फोन हातात धर की. म्हणाली, "हाताला पीठ लागलंय."

२७ जानेवारी, सोमवार

काल लिहिता आलं नाही. आज लिहितो.

हाजरा काल दुपारी आली. मोरीत भांडी बघितली. विचारलं, विमल कुठाय. मी सांगितलं, होतं तसं, पिशवीसकट. ती पाटावर बसली. 

मग उठली. ताट घेतलं, मोठं, आमचं. त्यात भात वाढला, वालाचं बिरडं वाढलं. पिठाच्या डब्यामागे हात घालून कापडाची गुंडाळी काढली, ती उलगडली. माझा सूपचा चमचा. माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि जेवायला लागली.

तिचा हात थरथरत होता. ताटापासून तोंडापर्यंत भात नेताना चमचा असा हलत होता की निम्मा भात ओढणीवर पडत होता. तिने दुसऱ्या हाताने मनगट धरलं. तरी सांडला. एक घास, दुसरा घास, तिसरा. माझ्याकडे बघत नव्हती. मी उठून हात धरायला गेलो तर म्हणाली, "बसा थितंच. बगा."

मग बोलली. चार वर्षं झाली. आधी करंगळी, मी सुट्टीवर आलो की ती झाकून न्यायची, मग पंजा. अफशा तिला पेणला नेते ती डोळ्यांसाठी नाही, हातासाठी. डॉक्टर म्हणतो, जिवाला धोका नाही, पण हा कंप जायचाही नाही, गोळ्यांनी थोडा आवरेल. हाताने घास उचलता येत नाही, शितं बोटांत राहत नाहीत. घरातले चमचे हलके, ते जास्त हलतात. एक दिवस पेटीतला हा घेऊन बघितला. जड आहे, हात थोडा दबतो.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं.

म्हणाली, "तिकडं व्हतात तवा सांगितलं असतं तर नोकरी टाकून आला असतात. अफशाचं लगीन व्हायचं व्हतं. आन आल्यावर काय सांगू? तुमी रोज सांगताय, टेबलावर शीत सांडलेलं चालायचं नाय."



"विमलला मीच शपथ घातलेली," ती म्हणाली. "सांगू नकोस म्हून. तिनं पिशवी उलटी केली पन सांगितलं नाय. आन मी थितं पेनला बसलेली."

हाजरा रडली. लग्नानंतर मी सौदीला पहिल्यांदा गेलो तेव्हासुद्धा माझ्यासमोर रडली नव्हती. चांदीवर लांबून डाग दिसायचा मला. गेस्ट हाऊसमध्ये त्याचं कौतुक होतं.

२ फेब्रुवारी, रविवार

खांबला गेलो. विमलबाई आपल्या भावाच्या घरी जाऊन राहिली होती. वालाची सोंगणी चालू आहे, त्याला मदत. हाजरा येते म्हणत होती. म्हटलं, नको, पिशवी मी बघितलीये.

खळ्यावर बसली होती. मला बघून उठली, खुर्ची टाकली, भावजयीला चहा सांगितला. मी उभ्यानेच म्हटलं, "विमलबाई, माझं चुकलं. माफ करा."

ती म्हणाली, "भाभींनी दावला चमचा?"

"दाखवला."

"बरं झालं. तेंच्या जिवाला लय घोर व्हता. दुपारी तुमी झोपलात की मंग जेवायच्या. मी मुद्दाम येऊन बाजूला बसायची."

म्हणजे महिनोन्महिने मी आत घोरत होतो आणि माझ्या जागेवर ही बसत होती. मी विचारलं, उद्यापासून येता का?

तिने चहाचा पेला माझ्या हातात दिला. म्हणाली, "भाय, राग नाय. भाभीला भेटायला मी येन. पन त्या घरात भांडी घासायला नाय येनार. पिशवी एकदा उलटी झाली ती झाली." मग जरा थांबून म्हणाली, "तुमाला येत्यात की चांगली घासायला. तीस वरसं घासलीत."

टोमणा नव्हता. मला सुचवत होती. निघताना हाजरासाठी शेंगांची पिशवी दिली. मी ती मांडीवर घेऊन कोलाडपर्यंत मिनिडोर रिक्षात बसलो. थकून गेलो होतो. माफी मागितली की हलकं वाटतं म्हणतात, मला तसं काही वाटलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

भांडी मी घासतो. मोहल्ल्यात कळलंय, कळू दे.

जेवणाचं मात्र जमत नाही. पहिल्या दिवशी मी तिला भरवायला गेलो. तिने तोंड मिटून घेतलं. "मी काय ल्हान हाय? का मरायला टेकलेय?" दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर गुडघ्यावर रुमाल टाकला, पाण्याचा पेला अर्धाच भरला, बाजूला उभा राहिलो. गेस्ट हाऊसमध्ये एक म्हातारे साहेब होते, त्यांचं आम्ही असंच करायचो. हाजरा म्हणाली, "तुमी नोकरीवर हाव का?" आणि ताट घेऊन आत गेली.

अफशाला फोन केला. ती माझ्यावरच उखडली. "अब्बा, तिला मदत नकोय. तुमी नुसतं जेवा ना." मी म्हटलं, मला तेच तर हवं होतं पहिल्यापासून. ती म्हणाली, "मंग तेच करा." आणि फोन ठेवला. आजकाल सगळेच मला एका वाक्यात उडवतात.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज मी नुसता जेवलो. मोठं ताट, ह्या बाजूने माझा हात, त्या बाजूने तिचा चमचा. मी ताटाकडे बघून व्याख्यानाचं बोलत होतो. नेव्हाड्यात चांदीची प्रचंड खाण लागली, चांदी स्वस्त झाली, मग श्रीमंतांना प्रत्येक पदार्थाला वेगळं हत्यार हवं झालं. कालवांचा काटा, सार्डिनचा काटा, आइस्क्रीमचा काटा. हाजरा म्हणाली, "आइसक्रीमला काटा? मंग गलतंय ना." मी म्हटलं, त्यांचं गळत नसेल. ती म्हणाली, "आपलंच गलतंय मंग."

आणि हसली. भात सांडत होता, मी उचलला नाही. फार कठीण गेलं ते मला. हात आपोआप जातो.

व्याख्यानाचा शेवट लिहिला. शेवटी स्टील आलं, ते काळं पडत नाही, घासावं लागत नाही. नोकरचाकर राहिले नाहीत, चांदी घासणार कोण? एकेक कारखाना मिटला, नावं ह्याने त्याला विकली. सुफियान खूश आहे, म्हणतो, बघा, आमच्या लोखंडाने तुमची चांदी खाल्ली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पेटीत त्या चमच्याचं काय करायचं हा प्रश्न आहे. हाजरा म्हणाली, त्या दिवशी घेऊन जा, एक दिवस मी भागवीन. मी म्हटलं, बघू. तिला वाचनालयात यायचं नाहीये. बायका चहा-पोहे देतात, हातात डिश घ्यावी लागते, लोक बघतात. लग्नांना जायचं तिने केव्हाच सोडलंय, हेही मला आता कळलं. मी म्हटलं, नको येऊस. मनातून ती यावी असं फार होतं. ते मी बोललो नाही, ह्या डायरीत बोललो.

रमजान तोंडावर आलाय. अंगात ताकद नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

व्याख्यान झालं.

प्रविण सरांनी शब्द पाळला, खुर्च्या भरल्या होत्या. निम्म्या शाळेतल्या पोरांनी. सकाळी पेटी भरताना मी ती खाच रिकामीच ठेवली. हाजराने चमचा आणून दिला होता, मी परत तिच्या हातात दिला. तिने विचारलं नाही का, मीही सांगितलं नाही. एकटाच गेलो.

सुरुवातीला कागदावरचं नुसतं वाचत गेलो. मग गोरहॅम आला, रॉजर्स आले, ओनायडावाले आले आणि मला जरा बरं वाटायला लागलं. मुलामा आहे, चांदी नाही, हेही सांगितलं. समोर दोघे-तिघे पेंगत होते. मधेच मागचं दार वाजलं. अफशा आणि तिच्यामागे हाजरा, बायकांच्या बाजूला शेवटच्या रांगेत बसल्या. मी ओनायडाचं एक पान दोनदा वाचलं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

शेवटी सर म्हणाले, प्रश्न विचारा. आमच्या गल्लीतला जनू, मिनिडोर चालवतो, तो पेटीपाशी येऊन वाकला होता. म्हणाला, "चाचा, हितली एक जागा खाली हाय. हारवला काय चमचा?"

सगळे बघायला लागले. ह्याच प्रश्नाला मी महिनाभर घाबरत होतो.

मी म्हटलं, "नाही. तो वापरात आहे."

जनूला काही कळलं नाही. "बाकीचे नाय वापरत?" त्याने विचारलं. म्हटलं, नाही, बाकीचे नुसतेच आहेत.

टाळ्या झाल्या. मग पोहे आले, कागदी डिशमध्ये, प्लास्टिकचे चमचे खोचून. लोक माझ्याभोवती होते, कुणी शिक्का बघत होतं, कुणी गल्फच्या व्हिसाचं विचारत होतं. माझं लक्ष मागच्या रांगेत. सरांच्या बायकोने हाजरापुढे डिश धरली. मला वाटलं आता पित्त सांगणार. तिने डिश घेतली, मांडीवर ठेवली, प्लास्टिकचा चमचा काढून अफशाला दिला. पर्स उघडली. कापडाची गुंडाळी काढली, उलगडली आणि सूपच्या चमच्याने पोहे खायला लागली.

हात हलत होता. पोहे सांडत होते, मांडीवर, लादीवर. शेजारच्या बायका वळून बघायला लागल्या. सरांच्या बायकोने विचारलं, "अहो, काय झालं हाताला?" हाजरा म्हणाली, "हलतोय. चार वरसं झाली. ह्यो जड हाय, म्हून बरा पडतो." असं म्हणाली आणि पुढचा घास घेतला. इतक्या साध्या आवाजात म्हणाली की ती बाई नुसतीच बरं म्हणून गेली.

मी लोकांमधून निघालो. जनू काहीतरी विचारत होता, त्याला म्हटलं, मंग. अफशा उठली, तिच्या खुर्चीवर बसलो आणि हाजराच्या डिशमधले पोहे हाताने खायला लागलो.

ती म्हणाली, "तुमची डिश कुटाय?"

म्हटलं, हीच.